जुन्या निगेटिव्ह भराभर स्कॅन करायच्या आहेत: एप्सन स्कॅन, व्ह्यूस्कॅन की सिल्व्हरफास्ट?

तलावपाळी

नमस्कार मंडळी.

नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला जातेय. दिवाळीनंतर घर रिकामं करायचं आहे. भाड्याची जागा लहान आहे, म्हणून बाबांच्या निगेटिव्हची ट्रंक हलवण्याआधी आतलं सगळं डिजिटल करायचं असं भावाने आणि मी ठरवलंय. ट्रंकेत आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढलेले १२० चे (रुंद फिल्मचे) कृष्णधवल रोल आहेत. मग ३५ मिमीचे कृष्णधवल, त्यात ऑर्वो कंपनीचे बरेच. आणि १९८५ च्या पुढचे रंगीत रोल, कोडॅक, कोनिका, फुजी. त्यांत लग्नं-बारशी आहेतच, पण बाबा रविवारी कॅमेरा घेऊन गावात फिरायचे. त्यामुळे मासुंदा तलावाचा काठ, गोखले रोडवरची बैठी घरं, गडकरी रंगायतन नवं होतं तेव्हाची दर्शनी बाजू, खाडीवरच्या होड्या हेही आहे. यातलं बरंचसं आता पाहायलाही मिळत नाही. म्हणून काम वेगाने हवंय, पण घाईघाईत उरकलेलं नकोय.

स्कॅनर एप्सन परफेक्शन व्ही ६००, लॅपटॉप विंडोजचा. एप्सनचं स्वतःचं सॉफ्टवेअर आणि व्ह्यूस्कॅन व सिल्व्हरफास्टच्या चाचणी आवृत्त्या अशी तिन्ही त्याच पट्ट्यांवर चालवून पाहिली. चाचणी आवृत्त्या फोटोवर शिक्का उमटवतात, तुलनेपुरतं त्याने अडत नाही.

एप्सन स्कॅन. होल्डरमध्ये सहा-सहा फ्रेमच्या दोन पट्ट्या बसतात. प्रीव्ह्यू केलं की बारा चौकटी आपोआप समोर येतात, सगळ्यांवर टिक करायची आणि स्वयंपाकघरात निघून जायचं. शिकायला काही नाही. पण ते प्रत्येक फ्रेमचं एक्स्पोजर आणि रंग वेगळे ठरवतं, त्यामुळे एकाच मुंजीतले लागोपाठचे दोन फोटो एक पिवळट आणि एक निळसर येतात. रात्रीच्या किंवा अंधाऱ्या फ्रेमची कड त्याला सापडत नाही, मग विसर्जनाच्या मिरवणुकीतले फोटो अर्धे कापले जातात. तिथे थंबनेल बंद करून चौकट हाताने आखावी लागते. शार्पनिंग आधीपासून चालू असतं, ते मी बंद करते.

व्ह्यूस्कॅन. १९९८ पासूनचं सॉफ्टवेअर आहे आणि पडद्याची मांडणी बघूनच ते कळतं. सोयी खच्चून भरलेल्या, नावांवरून उलगडा होत नाही. पण दोन गोष्टींमुळे माझा कौल त्याच्याकडे झुकतोय. पहिली म्हणजे एक्स्पोजर लॉक करता येतं. पट्टीच्या सुरुवातीचा कोरा, नारिंगी तुकडा निवडायचा, प्रीव्ह्यू करायचं, एक्स्पोजर लॉक करायचं, पुन्हा प्रीव्ह्यू करायचं आणि मग फिल्म बेसचा, म्हणजे कोऱ्या फिल्मचा, रंग लॉक करायचा. त्यानंतर त्या पट्टीच्या सगळ्या फ्रेम एकाच मापाने मोजल्या जातात, मुंजीतला पिवळा-निळा खेळ थांबतो. दुसरी गोष्ट, प्रोफेशनल आवृत्तीत ६४ बिटची कच्ची फाइल साठवता येते. तिच्यात लाल-हिरव्या-निळ्यासोबत इन्फ्रारेडचा, म्हणजे धूळ-ओरखडे टिपणारा, चॅनलही असतो. म्हणजे स्कॅनरसमोर एकदाच बसायचं, आणि रंग, धूळ, ओरखडे हे सगळं नंतर त्या फाइलमधूनच पुन्हा पुन्हा करून पाहायचं. सोर्समध्ये स्कॅनरऐवजी फाइल निवडली की झालं. होल्डरच्या खिडक्या कुठे येतात ते मात्र एकदा नीट बसवावं लागतं.

सिल्व्हरफास्ट. जर्मनीतल्या कीलच्या लेझरसॉफ्ट कंपनीचं. रंग तिघांत सर्वांत सुंदर. नेगाफिक्स नावाच्या सोयीत कंपनी, फिल्म आणि आयएसओ निवडलं की नारिंगी छटा काढून बऱ्यापैकी खरा रंग देतं. धूळ काढण्याचं काम बारकाईने करतं, कुठे किती काढायचं हे हातात राहतं. पण प्रत्येक फ्रेमला काहीतरी करावंसं वाटेल अशीच त्याची घडण आहे. दहा उत्तम फोटोंसाठी मी हेच घेईन, अख्ख्या ट्रंकेसाठी हात फार अडकून पडतो. शिवाय परवाना स्कॅनरच्या मॉडेलला बांधलेला असतो, उद्या स्कॅनर बदलला तर पुन्हा खर्च.

माझं मत असं झालंय की स्कॅनर एका फ्रेमला किती सेकंद घेतो हे बघून सॉफ्टवेअर निवडू नये. तो वेळ यंत्राचा आहे. आपला वेळ पट्ट्या भरण्यात, चौकटी जुळवण्यात आणि रंग दुरुस्त करण्यात जातो. त्यातल्या शेवटच्या दोन गोष्टी जे सॉफ्टवेअर वाचवेल ते वेगवान.

तुमचा अनुभव काय? रेझोल्यूशन किती ठेवावं आणि बुरशी लागलेल्या पट्ट्यांचं काय करावं, यावर जाणकारांनी जरूर लिहावं.

प्रतिसाद: सेक्टर_नऊ

तुलना आवडली. रेझोल्यूशनबद्दल सांगतो, कारण वेळ सर्वांत जास्त तिथेच वाया जातो.

व्ही ६०० च्या खोक्यावर ६४०० डीपीआय (इंचाला तेवढे ठिपके) लिहिलंय. चाचणीपट्टी ठेवून मोजलं तर असे फ्लॅटबेड १५००-१७०० च्या आसपास खरा तपशील देतात. त्यावरचे पिक्सेल फक्त फाइल फुगवतात. ३५ मिमीची फ्रेम ३६ बाय २४ मिमी. २४०० ला ती साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेल होते, म्हणजे पावणेआठ मेगापिक्सेल, ४८ बिट टिफ ४६ एमबीच्या आसपास. तीच फ्रेम ६४०० ला ५५ मेगापिक्सेल आणि सव्वातीनशे एमबी! ३६ फोटोंचा एक रोल १२ जीबी खाईल आणि तपशील तोच राहील. २४०० ठेवा, निर्धास्त राहा.

क्लिक थ्रीच्या निगेटिव्ह ६ बाय ६ च्या, प्रत्यक्षात ५६ मिमी. त्यांना १६०० ला १२ मेगापिक्सेल मिळतात. त्या कॅमेऱ्याचं भिंग साधं होतं, त्याहून जास्त तपशील मुळात फिल्मवर उतरलेलाच नसतो.

प्रतिसाद: भिंगवाला

मी वेगळं सांगणार आहे. तुमच्याकडे अदलाबदलीच्या भिंगाचा कोणताही डिजिटल कॅमेरा असेल, तर स्कॅनर कपाटात ठेवा.

खाली लाइट पॅड (सारखा उजेड देणारी पाटी), त्यावर फिल्म होल्डर, वर कॅमेरा, एकास-एक मॅक्रो लेन्स (जवळून खऱ्या आकारात टिपणारी). मॅन्युअल एक्स्पोजर, आयएसओ १००, भिंगाचं छिद्र एफ ८, फाइल रॉ म्हणजे कच्ची. फ्रेम सरकवा, बटण दाबा, पुढची फ्रेम. पूर्ण रोल पंधरा मिनिटांच्या आत होतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ६००० बाय ४००० मिळतात, आणि चांगलं मॅक्रो असेल तर ते पिक्सेल खरे असतात. व्ही ६०० तिथवर पोहोचत नाही.

तीन गोष्टी सांभाळा. लाइट पॅडचा सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९५ च्या वर हवा, स्वस्त पॅडवर त्वचेचे रंग बिघडतात आणि ते नंतर सुधारत नाहीत. कॅमेरा फिल्मला अगदी समांतर हवा. त्यासाठी फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवायचा आणि भिंगाचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्ये येईतो कॅमेरा हलवायचा. तिसरं, खोलीतले दिवे बंद आणि पंखाही बंद. पंख्याने पट्टी हलते आणि धूळ बसते.

रंग उलटवायला निगेटिव्ह लॅब प्रो. लाइटरूम क्लासिक या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बसतं, स्वतःचे पैसे एकदाच द्यायचे, लाइटरूमचे मात्र दर महिन्याला. कोऱ्या फिल्मवरून व्हाइट बॅलन्स घ्यायचा, कड कापायची, अख्खा रोल निवडायचा आणि एकदम कन्व्हर्ट. रोल ॲनालिसिस वापरलं तर पूर्ण रोलचा रंग एकसंध राहतो, तुमच्या मुंजीच्या फोटोंना हेच हवंय. स्कॅनरच्या कच्च्या फाइलवरही ते चालतं, त्यामुळे व्ह्यूस्कॅन घेतलंत तरी हा रस्ता बंद होत नाही.

प्रतिसाद: तलावपाळी

भिंगवाला, भावाकडे कॅमेरा आहे, मॅक्रो भाड्याने मिळेल. पण कॅमेऱ्यात इन्फ्रारेडने धूळ काढणं नाही ना? आमच्या रंगीत पट्ट्यांवर बुरशीचे ठिपके आहेत. इतके पावसाळे ट्रंकेत गेलेत, तेही खाडीच्या हवेत. ते ठिपके हाताने पुसत बसले तर वेग कुठे राहिला?

प्रतिसाद: जुना_लॅबवाला

ताई, ठाण्यात वीस वर्षं कलर लॅब चालवली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

इन्फ्रारेडचा मुद्दा तुम्ही बरोबर धरलात. रंगीत फिल्ममध्ये शेवटी चांदी उरत नाही, फक्त रंगद्रव्य उरतं. इन्फ्रारेड किरण त्यातून आरपार जातात, पण धूळ, केस, ओरखडा, बुरशी यांना अडतात. म्हणून सॉफ्टवेअरला कचऱ्याचा वेगळा नकाशाच मिळतो. कृष्णधवल फिल्ममध्ये चित्रच चांदीचं असतं, ती इन्फ्रारेडला अडवते. तिथे ही सोय चालू ठेवली तर सॉफ्टवेअर चेहऱ्यालाही कचरा समजून पुसतं. तेव्हा ऑर्वो आणि क्लिक थ्रीच्या पट्ट्यांना ती कटाक्षाने बंद. इल्फर्डची एक्सपी टू यांसारख्या काही कृष्णधवल फिल्म रंगीत रसायनात धुतल्या जातात, त्यांना मात्र ती चालते.

म्हणजे तुमच्या ट्रंकेचे आधीच दोन ढीग झाले. कृष्णधवल आणि स्वच्छ रंगीत कॅमेऱ्याने काढा, वेग तिथे आहे. बुरशीची रंगीत स्कॅनरवर, व्ह्यूस्कॅनचं इन्फ्रारेड क्लीन लावून. कच्च्या फाइलमध्ये इन्फ्रारेड ठेवलंत तर किती पुसायचं ते नंतर ठरवता येईल. आधी हलकं लावून बघा, जोरात लावलं की केस आणि साडीची जर सपाट होते.

आता नारिंगी रंगाबद्दल. तो फिल्मचा दोष नाही, मुद्दाम घातलेला आहे. फिल्ममधली निळसर आणि किरमिजी रंगद्रव्यं पूर्ण शुद्ध नसतात, नको तो प्रकाशही थोडा शोषतात. ती कसर भरून काढायला रंगीत कपलर (रंगद्रव्य तयार करणारी रसायनं) घालतात, त्याची ही नारिंगी छटा. ती प्रत्येक फिल्मची वेगळी, आणि एकाच फिल्मचीही कोणत्या लॅबने कशी धुतली आणि नंतर ती कशी राहिली यावर बदलते. म्हणून बेसचा रंग दर रोलला नव्याने लॉक करायचा. पूर्ण ट्रंकेला एकदाच लॉक करून चालणार नाही.

फिल्म कोणती हे कळायला कडेचा मजकूर वाचा. कंपनी, नाव, फ्रेमचा क्रमांक सगळं छापलेलं असतं. सिल्व्हरफास्टच्या नेगाफिक्समध्ये तेच निवडायचं. पाकिटावर एका कंपनीचं नाव आणि आत दुसऱ्याची फिल्म हे तेव्हा सर्रास व्हायचं, पाकिटं लॅबची असायची.

बुरशीच्या पट्टीला पाणी लावू नका. बुरशीने खाल्लेलं जेलॅटिन, म्हणजे चित्राचा थर, पाण्यात विरघळतं, बोळा फिरवला की ठिपक्यासोबत चित्रही निघून येतं. हँड सॅनिटायझरही नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. आधी फक्त ब्लोअर. फारच चिकटलेलं असेल तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही चकचकीत बाजूला, कमी महत्त्वाच्या फ्रेमवर करून पाहून.

आणि ट्रंक उघडल्यावर आंबट, व्हिनेगरसारखा वास आला का? आला असेल तर त्या पट्ट्या आज वेगळ्या काढा आणि त्यांना पहिला नंबर द्या. ॲसिटेटचा बेस कुजतो तेव्हा ॲसेटिक ॲसिड सुटतं, आणि ते शेजारच्या चांगल्या पट्ट्यांनाही लागतं. उष्णता आणि दमटपणाने हे वाढतच जातं. अशी फिल्म आक्रसते, वाकडी होते, मग ती कोणत्याच होल्डरमध्ये सपाट बसत नाही.

प्रतिसाद: कळवा_नाका

फोटोशॉपमध्ये नुसतं इन्व्हर्ट केलं तर? एवढी सॉफ्टवेअर कशाला?

प्रतिसाद: जुना_लॅबवाला

कृष्णधवलला चालतं. इन्व्हर्ट करून लेव्हल्स लावल्या की काम होतं. रंगीत इन्व्हर्ट केली की नारिंगी छटा उलटून सगळा फोटो निळा येतो. तिन्ही रंगांच्या कर्व्ह वेगळ्या सरळ कराव्या लागतात आणि तिथे दर फोटोला वेळ जातो. सॉफ्टवेअरचे पैसे त्याचेच असतात.

प्रतिसाद: पारसिक

पैसे न देता करायचं असेल त्यांच्यासाठी डार्कटेबल हे फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर मोफत. २०२० मध्ये आलेल्या ३.२ आवृत्तीपासून त्यात नेगाडॉक्टर नावाचं मॉड्यूल आहे. खास निगेटिव्हसाठी, कोडॅकच्या सिनेऑन या सिनेमाची फिल्म डिजिटल करण्याच्या पद्धतीवर बेतलेलं.

कॅमेऱ्याच्या रॉ फाइलवर माझी पद्धत अशी. रोलच्या सुरुवातीला नुसत्या लाइट पॅडचा एक फोटो काढायचा, फिल्मशिवाय, आणि व्हाइट बॅलन्स त्यावरून घ्यायचा. फिल्मिक किंवा सिग्मॉइड (उजेड-सावली जुळवणारी मॉड्यूल) चालू असेल तर बंद करायचं, कारण कागदावर छापल्यासारखा परिणाम नेगाडॉक्टर स्वतःच देतो आणि दोन्ही चालू ठेवले तर फोटो मातकट होतो. मग नेगाडॉक्टरमध्ये फिल्म बेसचा रंग कोऱ्या कडेवरून उचलायचा, डी मॅक्स (फिल्मचा कमाल गडदपणा) आणि एक्स्पोजर बायस पिकरने घ्यायचे. पुढच्या टॅबमध्ये सावली आणि उजेडाचा रंग सुधारायचा. हे एका चांगल्या फ्रेमवर मन लावून करायचं, हिस्टरी (केलेल्या बदलांची यादी) कॉपी करायची आणि पूर्ण रोलवर पेस्ट. बाकी फ्रेमला फक्त उजेड कमी-जास्त करावा लागतो.

पहिला रोल वेळ घेतो. हात बसल्यावर निगेटिव्ह लॅब प्रोच्या तोडीचा रंग येतो, माझ्या डोळ्याला तरी. त्वचा तिथे आपोआप चांगली येते, इथे ती आणावी लागते, एवढा फरक मान्य.

प्रतिसाद: ऐरोलीकर

स्कॅनरच हवा असेल तर जुना निकॉन कूलस्कॅन मिळतो का बघा. व्ही किंवा ५००० मॉडेल. ४००० डीपीआय आणि ते खरे. पट्टी तोंडाशी धरली की स्वतः आत ओढतो, सहाही फ्रेम एकामागून एक करतो. त्याची धूळ काढण्याची पद्धतही उत्तम. निकॉनने तो बनवणं केव्हाच थांबवलं आणि निकॉन स्कॅन ६४ बिट विंडोजसाठी कधी आलंच नाही, त्यामुळे व्ह्यूस्कॅन किंवा सिल्व्हरफास्ट लागतंच. फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा ऑनलाइन घेताना चालू करून, तुमचीच पट्टी त्यात घालून बघा. आतला आरसा धुळीने आंधळा झालेला असतो आणि मग उजळ कडांभोवती धुकं येतं.

कूलस्कॅनमध्ये एलईडीचा प्रकाश थेट पडतो, म्हणून कृष्णधवलमध्ये ओरखडे आणि दाणे जास्त उठून दिसतात, हे लक्षात ठेवा. १२० ची फिल्म या दोन्ही मॉडेलमध्ये जात नाही.

नव्यात प्लस्टेकचे ऑप्टिकफिल्म आहेत, ८२००आय, ८३००आय. गुणवत्तेत व्ही ६०० च्या बऱ्याच पुढे, सिल्व्हरफास्ट सोबतच मिळतं. पण होल्डर दर फ्रेमला हाताने पुढे सरकवायचा. म्हणजे ताईंच्याच मापाने पाहिलं तर यंत्राशेजारून उठताच येत नाही. मोजक्या फोटोंसाठी घ्या.

प्रतिसाद: पामबीच

मी नेरुळला राहते. तंत्रातलं मला तुमच्याइतकं कळत नाही, पण सासरकडच्या सगळ्या निगेटिव्ह मी आणि मुलीने केल्या, त्यावरून एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे.

स्कॅनिंगच्या आधी माणसं ओळखून घ्या. फिल्म अजून दहा वर्षं तग धरेल. फोटोतल्या डावीकडून तिसऱ्या बाई कोण, हे सांगणारं माणूस तेवढं थांबेल याची खात्री कुणी द्यावी? आमच्या सासूबाई नव्वदीला आल्या आहेत. त्यांना वाशीचा खाडीपूल व्हायच्या आधीचे फोटो दाखवले तेव्हा त्यांनी माणसांची नावं तर सांगितलीच, पण कोणाचं शेत कुठे होतं, कोणाची जमीन सिडकोत गेली आणि तिथे आता काय उभं आहे, हेही सांगितलं. मुलीने ते फोनवर रेकॉर्ड केलं. एवढी माहिती आमच्या घरात दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

त्यासाठी चांगला स्कॅन लागत नाही. पट्ट्या पारदर्शक पानात घाला, पान लाइट पॅडवर ठेवा, फोनने वरून एक फोटो काढा आणि फोनमध्येच उलटवा. लॅपटॉपला कोरा पांढरा पडदा लावला तरी चालतं, पान फक्त थोडं उचलून धरा, म्हणजे पडद्याचे ठिपके येत नाहीत. व्ही ६०० वर हे करायला जाऊ नका, त्याची फिल्मची खिडकी अरुंद आहे, पान मावत नाही. एका संध्याकाळी अख्खी पेटी अशी डोळ्यांखालून जाते. पानाला क्रमांक द्या आणि तो क्रमांक फोटोत येऊ द्या. मग ती पानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि वडीलधाऱ्यांना फोन करा. नुसता मेसेज टाकून उत्तर येत नाही, शेजारी बसून विचारावं लागतं.

कोणत्या फ्रेम मोठ्या करायच्या हेही त्यातून आपोआप ठरतं. एकाच देवळाचे पाच फोटो असतात, त्यातला एक पुरतो.

प्रतिसाद: सेक्टर_नऊ

पामबीच ताई, पूर्ण अनुमोदन. पण निवड करून बाकीच्या सोडून देऊ नका असं मला वाटतं. पाच फोटोंतल्या चौथ्यात मागे दिसणारं दुकान वीस वर्षांनी कुणाला तरी हवं असतं. पट्टी होल्डरमध्ये भरलेलीच आहे तर सहाही फ्रेम होऊ द्या, जास्तीचा वेळ यंत्राचा. निवड रंग सुधारताना करावी.

प्रतिसाद: पामबीच

हे पटलं. गावाचे फोटो असतील तर नक्कीच सगळे करावेत.

प्रतिसाद: पारसिक

नावं आणि तारखा फाइलमध्येच लिहून ठेवा, वेगळ्या वहीत राहिल्या तर हरवतात. एक्झिफटूल मोफत आहे, पूर्ण फोल्डरला एका आज्ञेत तारीख आणि मजकूर लावतं. नाहीतर स्कॅन केलेल्या प्रत्येक फोटोवर स्कॅनिंगचा दिवस पडतो आणि फोनच्या गॅलरीत १९८७ ची मुंज यंदाच्या गणपतीशेजारी जाऊन बसते. आज्ञांचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी डिजिकॅम आहे, तेही मोफत.

फाइलच्या नावात वर्ष, रोल आणि कडेवर छापलेला फ्रेम क्रमांक एवढंच ठेवा. मूळ निगेटिव्ह पुन्हा शोधायची वेळ आली की हाच क्रमांक उपयोगी पडतो.

प्रतिसाद: तलावपाळी

इतकं मनापासून लिहिलंत, सगळ्यांची आभारी आहे. काल संध्याकाळी पामबीच ताईंच्या पद्धतीने रंगीत पानांचे फोनवर फोटो काढले आणि आज सकाळी डोंबिवलीच्या आत्याला दाखवले. तिने राम मारुती रोडवरच्या एका फोटोतली सगळी माणसं ओळखली, त्यातली दोन आम्हाला अजिबात माहीत नव्हती.

आता ठरवलंय ते असं. आंबट वासाची एक गुंडाळी निघाली, ती आणि बुरशीच्या रंगीत पट्ट्या आधी व्ही ६०० वर, व्ह्यूस्कॅन प्रोफेशनल, २४०० डीपीआय, इन्फ्रारेडसकट कच्ची फाइल, दर रोलला बेस नव्याने लॉक करून. हे काम रात्री यंत्रावर सोडता येतं. दिवसा भाऊ कॅमेऱ्याने ऑर्वो आणि स्वच्छ रंगीत रोल करेल आणि डार्कटेबलमध्ये उलटवेल. क्लिक थ्रीच्या निगेटिव्ह स्कॅनरवर १६०० ला, इन्फ्रारेड बंद. सिल्व्हरफास्ट सध्या घेत नाही. रंगायतनाचे आणि तलावाचे निवडक फोटो मोठे छापायचे ठरले तर तेव्हा बघू.

एक शंका राहिली. १२० च्या काही निगेटिव्ह सुट्या कापलेल्या आहेत, कडेवर काही वाचता येत नाही. सुलट बाजू कोणती हे कसं ओळखायचं? एप्सनचं माहितीपत्रक चकचकीत बाजू खाली ठेवा म्हणतं, पण या इतक्या जुन्या आहेत की दोन्ही बाजू सारख्याच निस्तेज दिसतात.

प्रतिसाद: जुना_लॅबवाला

दिव्याखाली तिरपी धरून बघा. ज्या बाजूला चित्राचा उठाव जाणवतो, गडद भाग किंचित वर आल्यासारखे दिसतात, ती इमल्शनची, म्हणजे चित्राच्या थराची. साधारणपणे फिल्मचा बाकही त्याच बाजूला आत वळलेला असतो. बोट लावू नका.

तेवढ्यानेही कळलं नाही तर स्कॅन करून चित्रातच शोधा. दुकानाची पाटी असेल तर प्रश्नच मिटला. घरातले फोटो असतील तर पदर बघा, आपल्याकडे डाव्या खांद्यावर असतो. पण तेव्हाच्या नौपाड्यात गुजराती कुटुंबंही पुष्कळ होती आणि त्यांचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो, म्हणून एकट्या पदरावर निर्णय नको. पुरुष असतील तर शर्टाचा खिसा बघा. तो त्याच्या डाव्या छातीवर आला की निगेटिव्ह सुलट ठेवली आहे.